बोटाला न सापडणारे बटण

मागल्या पावसाळ्यातली गोष्ट. आमच्या शाळेत नववीच्या वर्गाला ज्वालामुखीवरचा एक माहितीपट दाखवायचा होता. माहितीपट होता एका जुन्या डीव्हीडीवर, आणि ती लावायची होती शाळेच्या कपाटातल्या बारा वर्षांच्या लॅपटॉपमध्ये. प्रक्षेपक जोडून झाला, खिडक्यांना पडदे लागले, पन्नासएक मुले चिडीचूप बसली. भूगोलाच्या बाईंनी लॅपटॉपच्या उजव्या कडेला हात नेला आणि तबकडीचा खण उघडण्याचे बटण त्या चाचपू लागल्या. बोटाला आधी यूएसबीचे भोक लागले. मग एक लांबट फट लागली. मग बटणासारखे काहीतरी लागले, ते त्यांनी दाबून पाहिले. तो नुसता प्लॅस्टिकचा उंचवटा निघाला. त्यांनी मान वाकवून पाहिले. पण त्या लॅपटॉपची कड खालच्या अंगाला आत वळवलेली आहे, त्यामुळे बटण माणसाकडे न पाहता टेबलाकडे पाहते. त्यातून खोलीत अंधार. शेवटी बाईंनी लॅपटॉप डाव्या हाताने उचलून तिरपा धरला, उजव्या हाताच्या नखाने बटण दाबले, आणि खण खटकन बाहेर येऊन शेजारच्या माउसवर आपटला. मुले खो खो हसली. बाई ओशाळल्या. म्हणाल्या, "मला मेलीला या यंत्रातलं काही कळत नाही, हेच खरं."

हे वाक्य मला फार लागले. या बाई रोज बारा किलोमीटर स्कूटर चालवीत शाळेत येतात. घरच्या शिवणयंत्राचा पट्टा स्वतः बदलतात. शाळेतला जुना प्रक्षेपक बिघडला की प्रयोगशाळेतल्या शिपायाच्या आधी त्याच उघडून बसतात. त्यांना यंत्रातले कळत नाही असे कोण म्हणेल? तरी एका बटणाने त्यांना पन्नास मुलांदेखत तसे म्हणायला लावले. माझे म्हणणे असे, की चूक बाईंच्या बोटाची नव्हतीच. ती बटणाच्या जागेची होती, आणि ती जागा ठरवताना बोटाचा विचार सर्वांत शेवटी झाला होता. हे रागाच्या भरातले बोलणे नव्हे. एक पट्टी, एक वजनकाटा आणि तुमच्या पाठ्यपुस्तकातले थोडे भौतिकशास्त्र एवढ्या साहित्यावर ते दाखवून देता येते.

तुमच्यापैकी पुष्कळांनी असा खण असलेला लॅपटॉप जवळून पाहिलाही नसेल. २००८ च्या जानेवारीत ॲपल कंपनीने 'मॅकबुक एअर' हा खण नसलेला पातळ लॅपटॉप आणला. पुढे इतरांनीही तीच वाट धरली आणि आता नव्या लॅपटॉपांत तो खण बहुधा नसतोच. पण शाळांच्या कपाटांत, ग्रंथालयांत आणि घरोघरच्या माळ्यांवर असे संगणक अजून आहेत. कुणाच्या लग्नाची चित्रफीत सीडीवर असते, कुणाच्या आजोबांचे रेकॉर्ड करून ठेवलेले कीर्तन असते, तपासणी केंद्रातून मिळालेली एमआरआयची चित्रेही असतात. ज्याला ही तबकडी वाचायची असेल त्याला त्या बटणाशी गाठ घालणे भाग आहे.

आता त्या खणाची रचना पाहू. सीडी १९८२ साली बाजारात आली. तिचा व्यास १२० मिलिमीटर आणि जाडी १.२ मिलिमीटर. १९९६ साली आलेल्या डीव्हीडीनेही हेच माप ठेवले. टेबलावरच्या संगणकात तबकडी वाचणारी पेटी सुमारे ४१ मिलिमीटर उंच असे. खण आतबाहेर करायला तिच्यात एक छोटी मोटर आणि दातेरी चाके असत. बटण दाबले की खण आपणहून पुरता बाहेर येई आणि हलकेच ढकलला की आत जाई. लॅपटॉपसाठी हीच पेटी १२.७ मिलिमीटरांत, म्हणजे बरोबर अर्ध्या इंचात बसवली गेली. त्यात खणाच्या मोटरीला जागा कुठून असणार? म्हणून वेगळी युक्ती योजली. खण हाताने आत ढकलला की एक स्प्रिंग दाबली जाते आणि खुंटी अडकते. बटण दाबले की एका नालकुंतलातून (दहावीच्या पुस्तकात याची भेट होते) क्षणभर विद्युतधारा जाते, त्याच्या चुंबकत्वाने खुंटी सुटते आणि स्प्रिंग खणाला जेमतेम बोटभर बाहेर ढकलते. पुढचे ओढणे आपल्या हाताने. म्हणजे हे बटण दाराच्या कडीसारखे नाही, ते विजेच्या घंटेच्या बटणासारखे आहे. ते स्वतः काही उघडत नाही. 'उघडा' एवढा निरोप आत पाठवते.

युक्ती सुरेख आहे आणि तिच्याविषयी माझी तक्रार नाही. तक्रार पुढे सुरू होते. १२.७ मिलिमीटरांची पेटी नंतर ९.५ मिलिमीटरांची झाली. उंचीचा चौथा हिस्सा कमी झाला. तबकडी तेवढीच राहिली, कारण तिचे माप जगभर ठरून गेले होते. खणाच्या दर्शनी पट्टीवर मात्र पूर्वीइतक्याच वस्तू बसवायच्या होत्या: एक बटण, एक मिणमिणता दिवा आणि अडचणीच्या वेळी तार खुपसायचे एक बारीक छिद्र. आक्रसण्याची पाळी आली ती बटणावर. आमच्या शाळेच्या लॅपटॉपवर मी पट्टी लावून पाहिली. बटणाची लांबी ९ मिलिमीटर, उंची अडीच मिलिमीटर. माझ्या तर्जनीचे टोक १६ मिलिमीटर रुंद आहे. बाईंनी नख का वापरले ते यावरून कळेल.

आणि कड आत का वळवली? वळवल्याने लॅपटॉप पातळ होत नाही. तो पातळ दिसतो. वरून किंवा समोरून पाहणाऱ्याला फक्त वरची बारीक कड दिसते, खालचा फुगवटा सावलीत जातो. दुकानात आपण लॅपटॉप पाहतो तेव्हा त्याची जाडी डोळ्यांत भरते, वजन हाताला कळते, किंमत तर पाटीवरच लिहिलेली असते. खणाचे बटण दाबून पाहणारे गिऱ्हाईक मी तरी पाहिले नाही. जे दिसते ते खपते, आणि ज्याचा त्रास घरी गेल्यावर होतो ते विक्रीच्या हिशेबात येत नाही. ज्या अभियंत्याने हे बटण काढले त्याला मी मूर्ख म्हणणार नाही. त्याला वरून आलेल्या मापांत जे उरले तेवढ्यात त्याने ते बसवले. पण 'उरले तेवढ्यात' हीच तर गोम आहे.

लहान वस्तूला बोट लावणे अवघड, हे सांगायला शास्त्रज्ञ कशाला हवा, असे कुणी विचारील. अवघड म्हणजे किती अवघड, हे सांगायला हवा. अमेरिकेतील पॉल फिट्स या मानसशास्त्रज्ञाने १९५४ साली एक साधा प्रयोग प्रसिद्ध केला. टेबलावर धातूच्या दोन पट्ट्या काही अंतरावर ठेवायच्या आणि हातातल्या सळईने एकदा या पट्टीला, एकदा त्या पट्टीला असे जमेल तितक्या झपाट्याने टोचत राहायचे. पट्ट्यांची रुंदी तो बदलत गेला: दोन इंच, एक इंच, अर्धा इंच, पाव इंच. पट्ट्यांमधले अंतरही बदलत गेला. त्यातून एक नेटका नियम हाती आला. पट्टीची रुंदी निम्मी केली की अडचणीची एक पायरी वाढते. अंतर दुप्पट केले तरी तेवढीच एक पायरी वाढते. आणि दर पायरीमागे लागणारा वेळ साधारण सारख्याच प्रमाणात वाढत जातो.

हा प्रयोग तुम्ही वर्गात करू शकता. एका कागदावर, मध्यापासून मध्यापर्यंत २० सेंटिमीटर अंतर ठेवून, २ सेंटिमीटर रुंदीच्या दोन उभ्या पट्ट्या काढा. मित्राला घड्याळ धरायला सांगा आणि पंधरा सेकंदांत पेन्सिलीने आळीपाळीने किती ठिपके पट्टीच्या आत पडतात ते मोजा. मग तेवढ्याच अंतरावर अडीच मिलिमीटरांच्या पट्ट्या काढून पुन्हा मोजा. २० मिलिमीटरांचे निम्मे १०, त्याचे निम्मे ५, त्याचे निम्मे अडीच. म्हणजे तुम्ही तीन पायऱ्या वर चढलात. ठिपक्यांचा आकडा किती उतरतो आणि पट्टीबाहेर किती ठिपके पडतात, दोन्ही लिहून ठेवा. बाहेर पडलेले ठिपके विसरू नका. बाईंचे बोट ज्या प्लॅस्टिकच्या उंचवट्यावर पडले, तो असाच एक बाहेरचा ठिपका होता.

इतके करूनही तुमचा प्रयोग बाईंच्या स्थितीपेक्षा सोपाच राहील. कारण तुम्हाला पट्टी दिसते आहे. ती दिसत नसती तर? आता एक मित्र डोळे मिटून बसवा आणि त्याला त्याच पट्टीवर ठिपका मारायला सांगा. डोळ्यांनी न दिसणारी वस्तू बोटाला सापडायची तर तिने बोटाला काहीतरी खूण द्यायला हवी. कळफलकावर इंग्रजी एफ आणि जे या कळांवर हात फिरवून पाहा, बारीक उंचवटे लागतील. टंकलेखन करणारा त्यांच्यावरून न पाहता आपली बोटे जागेवर आणतो. बटणांच्या मोबाइलवर ५ या आकड्यालाही तसाच टिंब असे. एवढीशी खूण, पण आंधळ्याला आणि डोळसाला सारखीच उपयोगी. खणाच्या बटणाला अशी खूण द्यायला काय हरकत होती? आमच्या लॅपटॉपवर तर बटण पट्टीशी अगदी सपाट आहे, रंगही तोच. शिवाय कुठल्या लॅपटॉपवर ते पट्टीच्या मध्यावर असते, कुठल्यावर एका टोकाला, त्यामुळे एका संगणकावरची सवय दुसऱ्यावर चालत नाही. खण बहुधा उजव्या कडेला, माउसही उजव्या हाताला. दोघे एकमेकांना न भेटले तरच नवल. डावखुऱ्यांच्या माउसला तेवढा धोका नाही, पण त्यांना नको त्या हाताने चाचपावे लागते.

या फिट्सचीच आणखी एक हकीकत इथे सांगितली पाहिजे, कारण बाईंच्या त्या वाक्याचे उत्तर तिच्यात आहे. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेची बी-१७ ही बॉम्बफेकी विमाने जमिनीवर उतरल्यानंतर अचानक पोटावर बसत. वैमानिकाने पंखांच्या पाळ्या, ज्यांना फ्लॅप म्हणतात त्या, मिटायच्या ऐवजी चाकेच मिटून घेतलेली असत. कागदोपत्री शेरा पडे: वैमानिकाची चूक. अल्फॉन्स चपॅनिस या तरुण मानसशास्त्रज्ञाने १९४३ च्या सुमारास त्या विमानांचा कक्ष पाहिला आणि त्याच्या लक्षात आले, की दोन्ही कामांच्या कळा शेजारी शेजारी आणि दिसायला सारख्या आहेत. त्याने चाकांच्या कळीवर लहानसे रबरी चाक बसवायला लावले आणि फ्लॅपच्या कळीवर पाचरीसारखा तुकडा. हात लावताच कुठली कळ ती कळू लागली. विमानांत चाकांच्या कळीला चाकाचा आकार देण्याची रीत आजही चालू आहे. पुढे १९४७ साली फिट्स आणि रिचर्ड जोन्स यांनी, 'वैमानिकाची चूक' म्हणून गणल्या गेलेल्या ४६० प्रसंगांची छाननी करून, कळांची मांडणी माणसाला कशी चुकायला लावते हे दाखवून दिले. युद्धात विमान मोडते आणि शाळेत फक्त हसे होते, एवढा फरक आहेच. पण 'मला कळत नाही' असे म्हणणारा वैमानिक आणि तसेच म्हणणाऱ्या आमच्या बाई एकाच फसवणुकीत सापडले होते.

बटण लहान आणि सपाट ठेवण्याच्या बाजूने एक युक्तिवाद नेहमी केला जातो. लॅपटॉप ही हलवाहलव करण्याची वस्तू आहे. पिशवीत, गाडीत तिला धक्के बसतात. बटण मोठे आणि उचललेले असले तर ते नकळत दाबले जाईल, खण उघडेल आणि मोडेल. मलाही हे बरेच दिवस पटत असे. मग एकदा लक्षात आले, की पिशवीतला लॅपटॉप बंद असतो. बटण केवळ निरोप देणारे आहे आणि निरोप घ्यायला आत वीज नसेल तर ते कितीही दाबा, खण हलत नाही. खोटे वाटत असेल तर संगणक बंद करून दाबून पाहा. म्हणजे पिशवीची भीती व्यर्थ आहे. भीती खरी आहे ती चालू लॅपटॉप उचलून नेताना, कारण तेव्हा आपली बोटे नेमकी कडेखाली असतात. पण त्यावर उपाय बटण लपवणे हाच एक नाही. बटण थोडे खोलगट करून त्याच्या भोवती उंच कड ठेवता येते. बोटाचे टोक खळग्यात शिरते, तळहात शिरत नाही. किंवा तो निरोप द्यायला कळफलकावर एक स्वतंत्र कळ ठेवता येते. काही कंपन्यांनी ती ठेवलीही होती. कळफलकावर प्रकाश असतो, तो समोर असतो, आणि तिथे बोटाला जागा असते.

असा विचार कुणी केलाच नव्हता असेही नाही. अमेरिकेच्या केंद्र सरकारने आपल्या कचेऱ्यांसाठी घ्यायच्या संगणकांबाबत डिसेंबर २००० मध्ये नियम प्रसिद्ध केले. त्यांत यंत्राच्या कळा व बटणे यांच्याविषयी जे म्हटले होते त्याचा सारांश असा: बटण न दाबता ते नुसत्या स्पर्शाने ओळखता यावे, ते एका हाताने चालवता यावे, त्यासाठी घट्ट पकडणे, चिमटीत धरणे किंवा मनगट पिळणे याची गरज पडू नये, आणि लागणारा जोर २२.२ न्यूटनांपेक्षा जास्त नसावा. २०१७ साली या नियमांची नवी आवृत्ती निघाली, पण मूळ कल्पना जुनीच आहे. आपल्याकडेही २०१६ च्या दिव्यांग व्यक्तींच्या हक्कांच्या कायद्यात, सर्वांना वापरता येतील अशा वस्तूंच्या निर्मितीला सरकारने उत्तेजन द्यावे असे कलम आहे. वरच्या चार अटींवर आमच्या शाळेचा लॅपटॉप तपासला तर तो जोराच्या अटीत सहज उत्तीर्ण होतो आणि स्पर्शाच्या अटीत नापास. एका हाताचे म्हणाल तर बाईंना दोन लागले. संधिवाताने ज्यांची बोटे वाकली आहेत अशा माणसाला दोन हातही पुरणार नाहीत. आणखी एक गोष्ट मुलांच्या ध्यानात आली नसेल. त्या लॅपटॉपमध्ये फिरती हार्ड डिस्क आहे. ती चालू असताना तिचे वाचणारे टोक फिरत्या पृष्ठभागापासून मिलिमीटरच्या लाखाव्या भागाइतक्या, किंवा त्याहूनही कमी अंतरावर तरंगत असते. असा लॅपटॉप चालू असताना झटक्याने उचलू नये असे आम्हीच मुलांना शिकवतो, आणि बटण शोधायला तो उचलल्यावाचून गत्यंतर नसते.

बटण नकोच, असेही एकदा करून पाहण्यात आले. १९८४ सालच्या ॲपलच्या मॅकिंटॉश संगणकात साडेतीन इंची फ्लॉपी घालण्याची फट होती, पण ती बाहेर काढण्याचे बटण नव्हते. त्यामागे चांगला विचार होता. इतर संगणकांत बटण दाबले की फ्लॉपी तत्काळ बाहेर येई. संगणक तिच्यावर काही लिहीत असला तर लिखाण अर्धवट राही. मॅकिंटॉशमध्ये आधी संगणकाला सांगायचे, मग तो काम पुरे करून मोटरीने फ्लॉपी बाहेर देई. पण सांगायचे कसे? एक रीत अशी होती, की पडद्यावरचे फ्लॉपीचे चित्र ओढून कचऱ्याच्या डब्यात टाकायचे! ज्या डब्यात टाकून आपण नको असलेले कागद नाहीसे करतो, त्याच डब्यात आपली एकुलती एक फ्लॉपी टाकायला कोणाचे मन धजेल? पुष्कळ नवख्यांचे धजत नसे. २००१ साली आलेल्या मॅक ओएस टेन या प्रणालीत, तबकडीचे चित्र ओढू लागताच डब्याच्या जागी 'बाहेर काढा' ही खूण दिसू लागली. म्हणजे बटण काढून टाकल्याने प्रश्न सुटत नाही, तो बोटाकडून डोक्याकडे जातो. आणि वीज गेली तर? त्यासाठी मॅकिंटॉशलाही एक बारीक छिद्र ठेवावेच लागले होते.

त्या छिद्राविषयी मला आदर आहे. लॅपटॉपच्या खणावरही ते असते. कागदाला लावायची क्लिप सरळ करून तिचे टोक आत दाबले की खुंटी थेट हातानेच सुटते. वीज नको, निरोप नको. संगणक बंद पडला आणि तबकडी आत अडकली तर हाच मार्ग. (तबकडी फिरत असताना मात्र हा खेळ करू नका.) बटणाचा सर्वांत मोठा दोष असा, की ते दाबल्यावर निरोप पोचला की नाही हे ते सांगत नाही. आत तबकडी मिनिटाला काही हजार फेरे घेत असू शकते. ती थांबल्यावाचून खण उघडत नाही. कधी संगणकानेच खणाला कुलूप घातलेले असते. आपल्याला वाटते, बोट चुकले. आपण पुन्हा दाबतो, अधिक जोराने दाबतो, बोट सरकवून भलतीकडे दाबतो. आत काम चालू आहे हे दाखवायला दिवा आहे, पण तोही बटणाशेजारीच, म्हणजे कडेखाली, टेबलाकडे तोंड करून.

आता नव्या लॅपटॉपला जोडायची सुटी पेटी मिळते. बटण तिच्यावरही आहे, आणि तिची गंमत निराळी. बटण समोरून दाबायला जावे तर पेटीच मागे सरकते. याचे कारण नववीच्या विद्यार्थ्याने सांगायला हरकत नाही. पेटीचे वस्तुमान २५० ग्रॅम धरा, म्हणजे वजन सुमारे अडीच न्यूटन. टेबल आणि तिच्या गुळगुळीत तळाचा घर्षणांक ०.३ धरला तर घर्षणबल जास्तीत जास्त पाऊण न्यूटन. बटणाला किती बल लागते? स्वयंपाकघरातल्या वजनकाट्यावर पेटी बटण वर करून उभी धरा, काटा शून्यावर आणा आणि बटण 'टक्' करीपर्यंत दाबा. दर शंभर ग्रॅमला एक न्यूटन. दीड-दोन न्यूटन सहज भरतील. पाऊण न्यूटन विरुद्ध दोन न्यूटन. पेटी मागे जाणारच. अडीच किलोच्या लॅपटॉपला हेच घर्षणबल सात न्यूटनांहून जास्त मिळते, म्हणून तो निदान जागचा हलत नाही. पेटीच्या तळाला रबराचे चार चांगले तुकडे लावायला किती पैसे पडले असते?

ज्वालामुखीचा तास संपल्यावर मी हा सगळा हिशेब त्याच वर्गाला फळ्यावर मांडून दाखवला. बाई मागच्या बाकावर बसून ऐकत होत्या. दुसऱ्या दिवशी नववीतल्या एका मुलीने लॅपटॉपच्या त्या बटणावर एम-सीलचा मोहरीएवढा दाणा चिकटवून दिला. आता बाईंचे बोट न पाहता थेट दाण्यावर जाते. पुढच्याच आठवड्यात चालू लॅपटॉप नववीतून दहावीत नेताना शिपायाचे बोट त्या दाण्यावर पडले आणि खण त्याच्या दंडाला लागून उघडला. मोडला नाही, एवढे नशीब. त्या मुलीने दाणा कानशीने घासून निम्मा केला आणि त्याच्या दोन बाजूंना त्याच्याहून किंचित उंच अशा दोन बारीक भिंती उभ्या केल्या. एक भिंत खण सरकताना अडकते, असे परवा आढळले आहे. कानस तिने घरी परत नेलेली नाही.